मागच्या बाजूचं स्वयंपाकघर

"मॅडम, प्रॉब्लेम एवढाच आहे की तुमची जमीन दिसत नाही," असं एजंट फोनवर म्हणाला तेव्हा माझ्यासमोर निळ्या कापडाचा वीतभर जाडीचा थर होता आणि हातात कापायचं मशीन सुरू होतं. फोन मी कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता. मशीनवर फोन घेऊ नये, हे मीच गेली कित्येक वर्षं इथल्या बायकांना ओरडून सांगत आले आहे. दिसत नाही म्हणजे काय, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि पातं खडूच्या रेषेवरून सरकून आत गेलं. शाळेच्या गणवेशाच्या बाह्या होत्या. थर लावून कापताना एकच बाही कधी चुकत नाही, चुकल्या तर सगळ्या चुकतात. मी मशीन बंद केलं. आजूबाजूची शिलाई मशीनं एकेक करत थांबली, कारण माझ्या टेबलाचा आवाज असा मध्येच बंद पडायची कुणाला सवय नव्हती. मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले, थराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत आत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. फोनमधून एजंट "हॅलो, हॅलो, मॅडम, तुम्ही मला दिसताय का, म्हणजे ऐकू येतंय का" असं काहीतरी बरळत होता.

तो म्हणत होता ते खरं होतं, म्हणूनच डोकं फिरलं होतं. आमची जमीन शहराच्या टोकाला, नव्या रस्त्याच्या वळणावर आहे. चांगली चौकोनी आहे, कागद स्वच्छ आहेत, समोर रस्ता आहे, विजेचा खांबसुद्धा कोपऱ्यावरच आहे. पण माणसं येतात, तिच्या मधोमध उभी राहतात आणि विचारतात, "कुठे आहे प्लॉट?" आता यावर काय बोलावं? एक गृहस्थ दोन्ही पायांनी उड्या मारून जमीन टणक आहे का ते बघत होते. त्यांच्या बायकोने गवत बघितलं आणि ती गाडीतून उतरलीच नाही. तिसऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, पण इथे काहीच नाही! अहो, काहीच नाही म्हणून तर विकतोय आम्ही. रिकामी जमीन घ्यायला आलेल्या माणसाला ती रिकामी असल्याचा धक्का का बसावा, हे मला अजून कळलेलं नाही. घर विकायचं असतं तर भिंतीला रंग दिला असता, पडदे लावले असते, एखादी कुंडी ठेवली असती. मोकळ्या जमिनीला काय नेसवणार?

एजंटचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. तो प्रत्येक वाक्य "एक आयडिया आहे" असं सुरू करतो म्हणून आईने त्याचं नाव आयडिया ठेवलं. मी वैतागून घरी आले की आई विचारते, "काय म्हणाला आयडिया?" आणि मी चप्पलही न काढता सुरू होते. तो पहिल्यांदा म्हणाला गवत काढा. काढलं. मग म्हणाला कोपऱ्याचे दगड पांढरे रंगवा, म्हणजे हद्द डोळ्यात भरेल. रंगवले. मग म्हणाला फोटो दुपारी काढू नका, दुपारी जमीन थकलेली दिसते, सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. त्यासाठी मी कामावर उशिरा गेले. मग म्हणाला आकडा गोल ठेवू नका, जरासा खाली ठेवा, लोकांना वाटतं आपण जिंकलो. मग म्हणाला शेजारच्या प्लॉटवाल्यांना आधी विचारा, लागून असलेली जमीन माणूस डोळे मिटून घेतो. त्या दोन्ही प्लॉटवाल्यांना मी शोधून काढलं आणि ते दोघेही मलाच त्यांचा प्लॉट विकायला लागले. मग त्याने फोटोत कॉम्प्युटरवर हिरवळ आणि एक झोपाळा चिकटवला, आणि एक बाई खरंच तो झोपाळा बघायला आली. माझ्या अंगात होतं नव्हतं ते सगळं त्राण या माणसाच्या आयडियांनी खाल्लं.

आणि घाई होती. घाई नसती तर मी त्या जमिनीला तिच्या नशिबावर सोडून दिलं असतं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि आई दोन वर्षांत आपल्या पायांनी खाली उतरलेली नाही. गुडघे. दवाखान्यात न्यायचं तरी खुर्चीत बसवून उचलावं लागतं, आणि तिला ते इतकं अपमानास्पद वाटतं की ती दुखणं लपवते. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. ते मुलीकडे कायमचे जाणार होते. त्यांनी आम्हाला सांगितलं की घर तुम्हालाच देतो, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पण त्यापुढे नाही, कारण दुसरं एक गिऱ्हाईक रोज बेल वाजवतंय. जमीन गेली तर तळमजला येणार होता. जमीन राहिली तर आई वर राहणार होती, कायमची. हिशेब इतका सोपा होता की तो मला झोपेतही ऐकू यायचा. बंधुराज दुसऱ्या शहरात असतात. ते रोज फोन करून विचारायचे, "काही हललं का?" जमीन हलत नसते रे बाबा, ती जमीन असते. हे मी मनातल्या मनात म्हणायचे आणि फोनवर म्हणायचे, बघू.

जमीन बाबांनी घेतली होती. बाबा विजेच्या मीटरवरचे आकडे टिपायचं काम करायचे. दिवसभर लोकांच्या दारात, जिन्याखाली, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला नाक लावून उभं राहायचं, आकडा टिपायचा, पुढच्या घरी. असं जन्मभर दुसऱ्यांची घरं आतून बघितल्यावर माणसाचं काय होणार? ते आमचं घर जमवू लागले. एका घरातल्या पायऱ्या त्यांना आवडायच्या, एका घरातलं भिंतीतलं कपाट, एका घरात दोन खोल्यांच्या मध्ये असलेलं काचेचं तावदान. रविवारी सकाळी ते माझ्याकडचा खडू मागायचे. मी तेव्हा शिवणाच्या वर्गाला जायला लागले होते आणि खडू माझा होता याचा मला भारी तोरा होता. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीच्या फरशीवर गुडघे टेकून घर आखायचो. एक फरशी म्हणजे इतके फूट, असं ठरलेलं. इथे बसायची खोली, इथे तू आणि दादा, इथे आम्ही, आणि अगदी मागे, कोपऱ्यात, स्वयंपाकघर. धूर मागच्या मागे गेला पाहिजे, बाबा म्हणायचे, मी शंभर घरं बघितली आहेत, धूर पुढे आला की घराची कळा जाते. सुरुवातीला घर दर रविवारी थोडं बदलायचं. मग बदलेनासं झालं. मग आम्ही ते न विचारताच आखायला लागलो, बाबा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आणि रेषा मधोमध बरोबर भेटायच्या. त्या भेटल्या की बाबा माझ्या पाठीवर थाप मारायचे. ती थाप मला आत्ताही खांद्याच्या जरा खाली दाखवता येईल. आई ओलं फडकं आणि बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची, कारण जेवायच्या आधी फरशी पुसायला हवी. ती मागच्या कोपऱ्यापासून सुरू करायची. बाबा ओरडायचे, "अगं थांब, स्वयंपाकघर तरी राहू दे जरा!" आणि सगळे हसायचे. निदान मला आठवतं तसं सगळे हसायचे.

बाबा गेले, घर काही उभं राहिलं नाही. पैसे पुरले नाहीत, मग दादाचं शिक्षण, मग माझं लग्न, ते मोडणं, मी परत आईकडे येणं. ज्या घरात माझी खोली होती ते घर फरशीवरून पुसलं गेलं होतं, म्हणून मी चौथ्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत झोपू लागले. याचं मला वाईट वाटत नाही. वाटत नाही असं मी म्हणते. कापायच्या टेबलावर उभं राहून वर्षं निघून जातात, कापड येतं, कापड जातं, खडूच्या रेषेवर आपलं लक्ष असलं की बाकी कशावर ठेवावं लागत नाही. आमच्या कामाचा एकच नियम आहे. खडू पडेपर्यंत काय घालायचा तो वाद घाला. रेष पडली की तोंड बंद, कापायचं. मधेच कुणी येऊन म्हणालं की बाही जरा रुंद करा, तर मी त्याला नवीन कापड आणायला सांगते. या नियमामुळे मालक मला मानतात आणि बाकीचे मला टरकून असतात.

त्या बिघडलेल्या बाह्यांच्या दिवशी संध्याकाळी आयडिया म्हणाला, "एक आयडिया आहे. जमीन विकायचीच नाही. तिच्यावर काय उभं राहील ते विकायचं. मैदानावर फक्की मारतात ना, चुन्याची? तशी फक्कीने घराची आखणी करू. माणूस आला की म्हणायचं, या, बसा, हा तुमचा हॉल. डोळ्यांना काहीतरी पकडायला पाहिजे हो." पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात मला काही अर्थ दिसला, आणि त्यामुळे मी आणखीच चिडले. तो म्हणाला, मी माणूस पाठवतो आखायला. मी म्हटलं, काही गरज नाही, रेषा मला मारता येतात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी चुन्याची पिशवी, दोरी आणि चार खुंट्या घेऊन तिथे गेले. कुठलं घर आखायचं, असा प्रश्नच मनात आला नाही. हात आपोआप चालत होता. फरशीवरची एक चौकट इथे किती पावलं, तेही मला विचार करावा लागला नाही. बसायची खोली, दोन खोल्या, तावदान, भिंतीतलं कपाट. वाकून वाकून कंबर धरली तरी मी थांबले नाही. समोरच्या बाजूने रेष मारत येणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक भिंत मला दोनदा चालावी लागली. शेवटी मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर आखलं आणि मध्ये उभी राहिले. ते बरंच लहान वाटलं. बेतलेलं कापडही शिवण्याआधी असंच लहानसं दिसतं, मला माहीत आहे, तरी वाईट वाटलं. आयडिया आला, सगळीकडून फिरला आणि म्हणाला, "झकास! पण मॅडम, या बाहेरून दुहेरी रेषा कशाला?" मी म्हटलं, "दाब ठेवलाय. शिवणीत जातो तो. उद्या घट्ट झालं तर उसवून मोठं करता येतं." तो खो खो हसला. मी विनोद केला नव्हता.

आणि खरंच माणसं थांबायला लागली. उंबरठ्याच्या रेषेपाशी आली की चपला काढू का, असं विचारायची. त्यातच एक दातांची डॉक्टर आणि तिचा नवरा आले. नवरा अबोल, सगळ्याला बरं म्हणणारा. डॉक्टरीणबाई चटपटीत, उन्हात टोपी घालून आलेली, आणि जमीन तिला पाहताक्षणी आवडली हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. तिने भावसुद्धा फारसा केला नाही. आयडियाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ती बसायच्या खोलीत उभी राहिली, खोल्या पाहिल्या, तावदानाच्या जागी थांबून नवऱ्याला म्हणाली, हे छान आहे हं. मला इतकं बरं वाटलं की बाबांना फोन करावा असं क्षणभर मनात आलं. मग ती मागे गेली आणि थबकली.

"हे काय?"

"स्वयंपाकघर," मी म्हटलं.

"इथे? इतकं मागे? नाही बाई. हे पुढे घेऊ या. रस्त्याच्या बाजूला."

"पुढे नाही घेता येणार."

"का? पाइप वगैरे काही आहे का खाली?"

"धूर पुढे येतो. सगळं घर धुराने भरेल."

"अहो, आता कुठला धूर?" ती हसली. "पंखा असतो ना. मला बाई स्वयंपाक करताना समोर माणसं दिसायला हवीत. मागे भिंतीकडे तोंड करून कोण उभं राहणार?"

"एकदा आखलं की ते बदलत नाही," मी म्हटलं. माझा आवाज टेबलापाशी असतो तसा झाला होता, मलाच ऐकू आला. "बसायच्या खोलीतून फोडणीचा वास आलेला तुम्हाला चालेल? पाहुणे दारातून सरळ तुमच्या खरकट्या भांड्यांत येणार? या जागेचा पूर्ण विचार झालेला आहे. शंभर घरं बघून झालेला आहे. माझ्या आईने जन्मभर या स्वयंपाकघराची वाट बघितली आहे." आयडिया माझ्या मागून खाकरत होता. मग त्याने माझ्या कोपराला हलकेच हात लावला, मी तो झटकला.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "तुमचं घर बांधून झालेलं दिसतंय. आमच्यासाठी जागा उरलेली नाही इथे." आणि ती नवऱ्याला घेऊन पुढच्या दाराच्या रेषेतून बाहेर गेली. भिंत ओलांडून नाही गेली, एवढं मी बघितलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते आणि मनातल्या मनात तिला आणखी दोन मुद्दे सांगत होते.

"मॅडम," आयडिया म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला पुढे काही सुचलं नाही.

चौथ्या मजल्यावर चढेपर्यंत माझा संताप चारही जिन्यांना पुरला. आई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चप्पल काढायच्या आत सुरू झाले. काय बाई आहे, म्हटलं, सगळं पसंत, पैसे पसंत, आणि म्हणते स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला घ्या! मी स्पष्ट सांगितलं तिला. बाबांनी काय उगाच मागे ठेवलं होतं?

आईने एक उशीचा अभ्रा झटकला. "मग? तिचं काय चुकलं?"

"काय चुकलं म्हणजे?"

"मलाही ते मागे नकोच होतं."

ती अभ्र्याची घडी घालत होती, कोपरा कोपऱ्याला लावून, सावकाश, नळाला पाणी आलं असं काहीतरी सांगितल्यासारखी. "कधी?" मी विचारलं. हा काय प्रश्न झाला, पण तोच तोंडातून आला.

"कधीच नको होतं. या घरातलं स्वयंपाकघर बघ. खिडकी उघडली की हातभर अंतरावर भिंत. तिकडेही मागे, म्हणजे पुन्हा भिंतच. उभा जन्म भिंतीकडे बघून भाकऱ्या थापायच्या का मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कोणी? तुम्ही बापलेक गुडघ्यांवर बसून आखत होतात. किती खूश असायचात. मी फडकं घेऊन उभी." तिने अभ्रा बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. "दर रविवारी मी ते आधी पुसायचे. तुला काय वाटलं, कोपरा सोयीचा पडतो म्हणून?"

खोलीत आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं, तरी मला वाटलं, कुणीतरी बघतंय. मला राग आला. तिचा आला, बाबांचा आला, आणि मग तो ठेवायला कुठे जागा उरली नाही म्हणून माझाच आला. मी म्हटलं, "बरं, ते गेलं. पण आता गिऱ्हाईक गेलं ना हातचं. मास्तर महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. तुझ्या गुडघ्यांसाठी चाललंय हे सगळं."

"गुडघे तळमजल्यावरही दुखणारच आहेत," आई म्हणाली. "गुडघ्यांसाठी हे तुम्ही दोघांनी ठरवलंत, मी काय बोलणार? मी चढत-उतरत होते तेव्हा दम खायला मास्तरांकडे थांबायचे. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट रस्त्यावर उघडते. कोण येतंय, कोण जातंय, कुणाची शाळा सुटली, सगळं दिसतं. मला ती खिडकी हवी आहे." आणि मग, जरा लाजून, "किती उशिरा सांगतेय, नाही?" मला रडू आलं, आणि ते आल्याचाही राग आला, म्हणून मी तिच्या हातातला अभ्रा ओढून घेतला आणि त्याची घडी चुकीची घातली.

डॉक्टरीणबाई फोन घेईना. आयडियाचाही घेईना. दुसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर निघून तिच्या दवाखान्यात गेले. बाहेर बसलेली मुलगी म्हणाली, पेशंट असाल तर नंबर घ्या, नाहीतर डॉक्टर भेटत नाहीत. मी नंबर घेतला. माझी एक दाढ गेली कित्येक महिने ठणकत होती, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं. खुर्ची मागे झाली, डोक्यावर दिवा आला, आणि दिव्याच्या बाजूने मास्क लावलेला तिचा चेहरा आला. तिने मला ओळखलं. "तुम्हीच ना त्या स्वयंपाकघरवाल्या?" मी तोंड उघडलं आणि तिने लगेच त्यात आरसा घातला.

मग मला काही बोलता येईना. तिला येत होतं. दाढ बघत, कुठे कुठे टोचत ती म्हणाली, "काय सांगू तुम्हाला, मी त्या जागेचं स्वप्न बघितलं हो रात्री. खरंच. पण तुमच्याकडून घेतली असती तर मला जन्मभर वाटलं असतं की कुणीतरी मागच्या कोपऱ्यात उभं राहून माझ्यावर चिडतंय. इथे दुखतं? दुखत असेल तर हात वर करा. मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. संध्याकाळी मला तोंडं बघायची असतात, नुसती, रस्त्याने जाणारी. एवढंच. त्यात काय एवढं बिघडलं असतं तुमचं?" मी हात वर केला. "दुखलं?" मी नाही अशी मान हलवली. तिने आरसा बाहेर काढला. चूळ भरायच्या आधीच, जबडा अवघडलेला असताना, मी म्हटलं, "स्वयंपाकघर पुढे घ्या."

"आणि धूर?"

"धुराचं धूर बघेल."

ती मास्क खाली करून हसली. मग तिने माझी दाढ काढायला लागेल असं सांगितलं आणि ते मला कुठल्याही साध्या बातमीसारखं ऐकू आलं.

त्यानंतर सगळं इतकं झटपट झालं की वैतागायला सवड मिळाली नाही. कागद झाले. मास्तरांनी मुदत संपायच्या आधीच किल्ली हातात दिली आणि म्हणाले, आजींना आजच बसू दे खिडकीशी, माझं सामान जाईल हळूहळू. दादा आला. आईला खुर्चीत बसवून खाली न्यायचं होतं, दुसऱ्या बाजूला धरायला कुणी नव्हतं, तेवढ्यात आयडिया पेढ्यांशिवाय, हात हलवत, त्याची दलाली न्यायला आला आणि आम्ही त्यालाच खुर्ची धरायला लावली. प्रत्येक वळणावर तो म्हणायचा, एक आयडिया आहे, खुर्ची उलटी फिरवू या. दादा म्हणायचा, तुम्ही फक्त धरा हो. आईने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते, पण ह्या वेळी ती अपमान झाल्यासारखी दिसत नव्हती, ती झोपाळ्यावरच्या मुलीसारखी दिसत होती. मी मागून उशी घेऊन उतरत होते.

डॉक्टरीणबाईने एकच गोष्ट मागितली होती. फक्की पुसून द्या, आमचं आम्ही आखू. आयडिया म्हणाला, राहू द्या, पाऊसवारा पुसेल. मी म्हटलं, नाही, पुसून देईन. खराटा आणि दोन कळशा पाणी घेऊन मी जमिनीवर गेले. पुढच्या दाराच्या रेषेपाशी थांबले. आत शिरले. बसायच्या खोलीतून, माझ्या खोलीतून, तावदानाजवळून सरळ मागे गेले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाणी ओतून खराटा मारला. चुना आधी आणखीच पांढरा झाला, मग मातीत मिसळून राखाडी. बाबांचं रागावणं मला स्पष्ट ऐकू आलं. मी खराटा थांबवला नाही. एवढ्यात फोन वाजला. आई होती, तळमजल्यावरून.

"पुसलंस का गं?"

"पुसतेय."

"कुठून सुरुवात केलीस?"

"मागच्या कोपऱ्यापासून," मी म्हटलं.

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, मलाही बोलायचं होतं, बाबांबद्दल, त्या रविवारांबद्दल, कितीतरी. तिच्या मागे रस्त्यावर कोणीतरी कोणालातरी मोठ्याने हाक मारली, सायकलची घंटी वाजली, आणि आई म्हणाली, "थांब गं, बघू दे जरा कोण आहे," आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून ती खिडकीकडे वळली.